कळलाव्यांच्या शोधात : शिकागो विद्यापीठाच्या मराठी कोशसंग्रहाचे परीक्षण

शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया’ या संकेतस्थळावर मराठीचे पाच कोश कोणालाही विनामूल्य आणि नावनोंदणीशिवाय वापरता येतात. मोल्सवर्थ आणि कँडी यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती, श्रीधर गणेश वझे यांचा आर्यभूषण छापखान्याने १९११मध्ये काढलेला शालेय कोश, दाते-कर्वे प्रभृतींनी १९३२पासून खंडाखंडाने सिद्ध केलेला आणि १९५०च्या पुरवणी खंडाने पूर्ण झालेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’, मॅक्सीन बर्नसन यांचा १९८२-८३चा विद्यार्थ्यांसाठीचा प्राथमिक कोश आणि शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा १९९९चा जुन्या मराठीचा कोश, असा हा ऐवज आहे. हे सारे कागदावर जमवायचे म्हटले तर पैसा आणि जागा दोन्ही लागतात, शिवाय त्यातले काही खंड जुन्या पुस्तकांच्या दुकानांत नशिबानेच हाती येतात. त्यामुळे सोयीच्या दृष्टीने या सेवेची प्रशस्ती करणे सोपे आहे. मात्र कोशाची खरी पारख सोयीवरून होत नाही. एखादा अवघड शब्दसमूह त्याच्यापुढे ठेवावा आणि तो काय देतो ते पाहावे, ही पद्धत मला अधिक भरवशाची वाटते.

या परीक्षणासाठी मी जो शब्दसमूह निवडला तो माझ्या कामातून आला आहे. न्यायालयीन कागदपत्रांचा अनुवाद करणाऱ्या माणसाच्या टेबलावर रोज जी मराठी येते, तिच्यात दुसऱ्याला छळणारी, चिथावणारी आणि नादी लावणारी माणसे भरलेली असतात. सासरचे लोक माहेरहून पैसे आणण्यासाठी तगादा लावतात, विवाहितेचा जाचहाट करतात, कोणी अल्पवयीन मुलीला फूस लावून पळवून नेतो, कोणी जमावाला चिथावणी देतो, कोणी शेजाऱ्याची कुरापत काढतो. ‘जाचहाट’ म्हणजे जाच, छळ. हा शब्द सातारा-सांगलीकडच्या बातम्यांत आणि फिर्यादींत जितका रुळलेला आहे तितका तो मुंबईच्या वाचकाला परिचित असेलच असे नाही. असे शब्द रागाच्या भरात, ओसरीवर किंवा नळावर बोलले जातात आणि ग्रंथांत क्वचितच उतरतात. म्हणूनच कोशकाराने लोकांचे बोलणे ऐकले होते की केवळ पोथ्या वाचल्या होत्या, हे या शब्दांवरून लवकर कळते.

मोल्सवर्थ या कसोटीला उत्तम उतरतो. कंपनी सरकारच्या फौजेतला हा अधिकारी पंडितांच्या साहाय्याने शब्द गोळा करीत राहिला, १८३१मध्ये पहिली आवृत्ती निघाली आणि दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या सुमारे ६०,०००पर्यंत पोहोचली. शिष्ट-अशिष्टाचा सोवळेपणा त्याने फारसा पाळला नाही, ही मराठीवर झालेली मोठी कृपा मानली पाहिजे. कळलाव्या, आगलाव्या, कज्जेदलाल, चहाडखोर, कैदाशीण अशी मंडळी त्याच्या पानांत सुखाने नांदतात. आणि येथेच संगणकीय रूपाचा मोठा लाभ ध्यानात येतो. छापील कोशात शब्द ठाऊक असेल तरच अर्थ सापडतो. येथे मात्र संपूर्ण मजकुरात शोध घेण्याची सोय असल्यामुळे भांडण, चिथावणी, छळ या अर्थांचे इंग्रजी शब्द दिले की व्याख्यांमध्ये ते शब्द असलेल्या मराठी नोंदी एकापाठोपाठ समोर येतात. मराठी-इंग्रजी कोश अशा रीतीने उलट दिशेनेही वापरता येतो. त्यातली अडचण एवढीच, की मोल्सवर्थची इंग्रजी एकोणिसाव्या शतकातली आहे आणि तिच्यातील काही शब्दांसाठी वेगळा इंग्रजी कोश शेजारी ठेवावा लागतो. आजचा इंग्रजी शब्द देऊन काही हाती लागले नाही, तर त्याचा पणजोबा शोधून तो द्यावा.

अशा उलट्या शोधातून जे चित्र उभे राहते त्यातली पहिली गोष्ट म्हणजे भांडण लावून देणाऱ्यासाठी मराठीने केलेली नामांची लयलूट. ‘कळ’ या एका शब्दाकडे पाहावे. तिचा एक अर्थ भांडण, दुसरा वेदना आणि तिसरा यंत्राचा खटका. कळ लावणारा तो कळलाव्या. याच नावाची ‘कळलावी’ ही वेल पावसाळ्यात कुंपणावर चढते आणि तिची लाल-पिवळी, ज्वाळेसारखी फुले सर्वांनी पाहिलेली असतात. तिचा विषारी कंद पूर्वी प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी वापरीत, म्हणून ती कळलावी. परंतु लोकांनी तिचा संबंध दुसऱ्या कळीशीही जोडला आणि ती घरात आणली तर भांडणे लागतात असा समज पसरला. वनस्पती आणि माणूस यांच्या नोंदी कोशात शेजारीशेजारी येतात, आणि शोधखिडकीत शब्दाचा केवळ आरंभीचा भाग देऊन शोधले तर त्या एकत्र पाहता येतात. नेमका शब्द देऊन शोधणाऱ्याला हा शेजार दिसत नाही. त्यामुळे वापरणाऱ्याने पूर्ण शब्द देण्याची घाई करू नये. त्याला आणखी एक व्यावहारिक कारण आहे. या जुन्या कोशांतली क्रियापदे छळणें, गांजणें, डिवचणें अशी अनुस्वारासह छापलेली आहेत आणि १९६२च्या लेखननियमांनंतर आपण ते अनुस्वार सोडून दिले आहेत, त्यामुळे आजच्या लेखनातला पूर्ण शब्द जुन्या नोंदीशी जुळत नाही.

पुराणांतून आलेली नावे हा या शब्दसमूहाचा दुसरा भाग. ‘कळीचा नारद’ सर्वांना ठाऊक आहे. गंमत अशी, की ज्याच्या नावाने कीर्तनाची एक परंपरा नारदीय म्हणवते आणि ज्याच्या गादीवर उभा राहिलेल्या कीर्तनकाराच्या पाया थोरामोठ्यांनीही पडायचे असते, त्याच देवर्षीचे नाव घरात आल्यावर चहाडखोराला चिकटते. शकुनीमामा आणि मंथरा यांच्या वाट्याला असा दुहेरी मान आलेला नाही, त्या केवळ बदनाम आहेत. झारीतील शुक्राचार्य हा मात्र वेगळ्या जातीचा त्रास देणारा. तो चिथावत नाही की छळत नाही, केवळ आड येतो, आणि सरकारी कचेरीत अडकलेल्या फायलीसंबंधी बोलताना मराठी माणसाला दुसरा शब्द सुचत नाही. अशा नावांच्या बाबतीत दाते-कर्व्यांचा कोश मोल्सवर्थपेक्षा अधिक उपयोगी पडतो, कारण तो अर्थ मराठीत देतो, संतपंतांची आणि बखरींची अवतरणे देतो, आणि शब्द कुडाळी, गोमंतकी, वऱ्हाडी, नागपुरी की खानदेशी आहे तेही कंसातल्या संक्षेपाने सांगतो. हे संक्षेप प्रथमच पाहणाऱ्याला कोड्यासारखे वाटतात. त्यांची यादी एकदा समोर ठेवून वाचली, की मग कोश बोलू लागतो.

आता ज्या गोष्टीमुळे हा संग्रह वापरताना मी अनेकदा थबकलो तिच्याकडे वळतो. छळणाऱ्या स्त्रीसाठी या कोशांत जितकी नामे आहेत त्यांच्या निम्मीही छळणाऱ्या पुरुषासाठी सापडत नाहीत. कैदाशीण, त्राटिका, कजाग, कर्कशा, जहांबाज, अवदसा, सटवी, महामाया ही यादी सहज वाढवता येते. यातील त्राटिका ही रामायणातल्या ताटकेचे मराठी रूप. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी शेक्सपिअरच्या सुखात्मिकेचे मराठी नाटक करताना तेच नाव घेतले आणि शब्दाला रंगभूमीचे बळ मिळाले. सटवी ही मुलाच्या जन्मानंतर ललाटरेषा लिहिणाऱ्या सटवाईची उतरंड. म्हणजे देवीलाही शिवी व्हायला वेळ लागला नाही. उलट, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यासाठी भाषेने काय दिले, तर ‘मारकुटा’ हे विशेषण. त्याचा सख्खा भाऊ ‘मारका’ गोठ्यातल्या बैलालाही लागतो. सासरी छळ सोसणाऱ्या स्त्रीला ‘सासुरवाशीण’ हे नाम आहे, त्या छळाला ‘सासुरवास’ आणि ‘जाच’ ही नामे आहेत, मात्र तो करणाऱ्या कुटुंबाला नाव नाही. फार तर ‘खाष्ट’ हे विशेषण सासूला लावले जाते. सासरा आणि दीर या कोशांतून निर्दोष सुटतात. कोशकारांनी ही विषमता निर्माण केली नाही, त्यांनी ऐकले ते लिहिले. परंतु व्याख्या लिहितानाही ते तटस्थ राहिले असे म्हणता येत नाही, आणि अशा शब्दांच्या नोंदीपुढे आज ‘अवमानकारक’ किंवा ‘जुना वापर’ अशी खूण असायला हवी होती असे वाटत राहते. भारतीय दंड संहितेत विवाहितेच्या छळाविषयीचे ४९८-अ हे कलम १९८३मध्ये आले, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ने त्याची जागा घेतली, आणि कायद्याला पती व त्याचे नातेवाईक असा सरळ उल्लेख करावा लागला. कोशात त्यांना नाव नव्हते, त्यामुळे कायद्याला नात्यावरूनच हाक मारावी लागली.

‘छळ’ या शब्दाच्या बाबतीत संग्रहातले पाचही कोश एका ठिकाणी असण्याचा फायदा सर्वांत जास्त होतो. संस्कृतात छल म्हणजे कपट, आणि हिंदीत आजही तोच अर्थ आहे. मराठीत मात्र शब्द फसवणुकीकडून यातनेकडे सरकला आणि आता ‘लैंगिक छळ’ हा २०१३च्या अधिनियमाच्या मराठी नावातला पारिभाषिक शब्द झाला. वामनाने बळीला छळले असे आपण म्हणतो तेव्हा त्यात कपट आणि जाच असे दोन्ही अर्थ एकत्र ऐकू येतात. जुन्या मराठीचा कोश, मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे असे तिन्ही एकापाठोपाठ उघडून पाहिले तर हा प्रवास डोळ्यांसमोर उलगडतो. हिंदी कागदपत्र मराठीत आणणाऱ्या अनुवादकाला तर ही सूचना भिंतीवर लावून ठेवण्यासारखी आहे, कारण हिंदीतला छल मराठीत छळ म्हणून उतरवला की आरोपच बदलतो.

‘ससेमिरा’ हा या समूहातला माझा आवडता शब्द. तपास यंत्रणांचा ससेमिरा मागे लागला असे वर्तमानपत्रांत वारंवार येते आणि वाचणाऱ्याला त्यात ससा दिसतो की मीरा, कोण जाणे. मूळ कथा अशी, की शिकारीला गेलेला राजपुत्र वाघाच्या भीतीने झाडावर चढतो, तेथे असलेले अस्वल त्याला अभय देते, आणि रात्री अस्वल झोपल्यावर हा वाघाच्या सांगण्यावरून त्यालाच खाली ढकलू पाहतो. अस्वलाच्या शापाने तो वेडा होतो आणि ‘ससेमिरा’ एवढेच बडबडत फिरतो. पुढे चार संस्कृत श्लोक ऐकवले जातात, त्यांची आद्याक्षरे अनुक्रमे स, से, मि आणि रा. एकेक श्लोक ऐकल्यावर त्याचे एकेक अक्षर सुटते, आणि चौथ्याला तो शुद्धीवर येतो. दुसरा श्लोक ‘सेतुं गत्वा समुद्रस्य’ असा सुरू होतो, तिसरा ‘मित्रद्रोही’ असा. म्हणजे आज ज्याच्या मागे ससेमिरा लागतो तो पीडित समजला जातो, आणि कथेत मात्र तो मित्रद्रोह करणाऱ्याच्या तोंडी आहे. एवढा उलटा फिरलेला शब्द कोशाच्या दोन ओळींत मावत नाही, आणि कोणत्याही कोशाकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. अशा ठिकाणी कोश दार दाखवतो, आत आपल्यालाच जावे लागते.

मोह घालणाऱ्यांच्या बाबतीत परिस्थिती अगदी निराळी आहे. भुलवणे, भुरळ घालणे, भूल पाडणे, नादी लावणे, भरीस घालणे, फूस लावणे, फितवणे अशी क्रियापदे हवी तेवढी मिळतात, पण ती क्रिया करणाऱ्याला रोजच्या वापरातले सुटसुटीत नाव नाही. फितूर हा शब्द आहे, मात्र तो फितलेल्याला लागतो, फितवणाऱ्याला नाही. ‘हलक्या कानाचा’ हेही कान भरून घेणाऱ्याचे वर्णन आहे. जणू मोहात पडणाराच दोषी आणि पाडणारा मोकळा. मेनका आणि मोहिनी ही नावे आहेत खरी, पण त्यांचा व्यवहारात उपयोग तो किती, आणि मोहिनीला तर आपण देवळातच बसवले आहे. नेवाशाचा मोहिनीराज आणि गोव्यात मार्दोळची म्हाळसा ही त्याच विष्णुरूपाची स्थाने आहेत. बायबलच्या मराठी अनुवादकांनाही ही उणीव जाणवली असावी. प्रभूच्या प्रार्थनेत ‘आम्हांला परीक्षेत आणू नकोस’ असे शब्द योजलेले आहेत, ज्यात मोहापेक्षा कसोटीचा अर्थ पुढे येतो. या गटासाठी शिकागोच्या संग्रहात नामे शोधणाऱ्याने वेळ घालवू नये. क्रियापदे घ्यावीत आणि वाक्य फिरवून लिहावे.

काळाची मर्यादा ही या सेवेची सर्वांत उघड मर्यादा आहे. पिन मारणे, काड्या करणे, किडे करणे या आजच्या तोंडच्या प्रयोगांसाठी मोल्सवर्थचे दार ठोठावण्यात अर्थ नाही. ‘रॅगिंग’ हा शब्द १९९९च्या महाराष्ट्राच्या कायद्याने जसाच्या तसा स्वीकारला. गुन्ह्यास प्रवृत्त करण्यासाठी कायद्याच्या मराठीत ‘अपप्रेरणा’ हा घडवलेला शब्द आहे, जो न्यायालयाबाहेर कोणाच्याही तोंडी मी ऐकलेला नाही. समाजमाध्यमांवर टवाळी करून लोकांना डिवचणाऱ्या ट्रोलसाठी मराठी वृत्तपत्रीय लेखनात ‘जल्पक’ हा शब्द वापरला जाऊ लागला आहे, आणि तो ज्याने योजला त्याला दाद दिली पाहिजे. न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. वादात तत्त्व शोधायचे असते, जल्पात जिंकायचे असते, आणि जिंकण्यासाठी जल्प करणाऱ्याला छलाचा आधार घेण्याची मुभा असते. छलाचे शास्त्रातले ठरलेले उदाहरण नवकंबलाचे आहे. एक जण म्हणतो, याच्यापाशी नव कंबल आहे. दुसरा लगेच म्हणतो, नऊ कुठे आहेत, एकच तर दिसते. नवे आणि नऊ हे दोन्ही अर्थ ‘नव’ या शब्दात असल्यामुळे बोलणाऱ्याला मुद्दा सोडून शब्दाचा खुलासा करीत बसावे लागते, आणि तेवढ्यात बघ्यांची करमणूक होते. आजच्या जल्पकाचे सगळे कसब यात आले. हा नवा अर्थ १९५०पर्यंतच्या कोशांत असण्याचा प्रश्नच नाही, पण जल्प, छल आणि वितंडा हे तीन जुने शब्द तेथे शोधून वाचणाऱ्याला नवा शब्द का शोभतो ते कळेल.

रचनेविषयी थोडे. संग्रह विषयवार नाही आणि समानार्थी शब्दांची सोय त्यात नाही, त्यामुळे चिथावणे आणि डिवचणे यांतला फरक वाचणाऱ्यालाच नोंदींवरून काढावा लागतो. मला दिसणारा फरक असा, की चिथावण्यात तिसरा कोणीतरी असतो ज्याच्यावर चिथावलेला माणूस सोडायचा असतो, आणि डिवचण्यात ज्याला टोचले तोच उसळतो. कुरापत काढणाऱ्याला भांडण स्वतःशीच हवे असते. फिर्यादीच्या अनुवादात हा भेद चुकला तर आरोपीची भूमिका बदलते. चित्रे, उच्चाराची ध्वनिफीत किंवा आजच्या वापरातली उदाहरणवाक्ये येथे मिळत नाहीत. उदाहरणवाक्ये हवी असतील तर बर्नसन यांचा कोश त्यातल्या त्यात जवळचा आहे, कारण तो मराठी शिकणाऱ्यांसाठी लिहिला गेला, परंतु त्याची शब्दसंख्या प्राथमिक स्वरूपाची असल्याने आपला शब्दसमूह त्यात विरळ आहे. वझे यांचा कोश शाळेसाठी होता आणि त्याचा आटोपशीरपणा घाईच्या वेळी कामाला येतो, एवढेच.

अनुवादक, नाटककार, जुन्या पत्रांचे आणि दप्तरांचे वाचक आणि परदेशात राहून मराठी पुस्तके वाचणारे यांनी ही सेवा अवश्य वापरावी. विनामूल्य असूनही तिच्या तोडीचे दुसरे काही सहज सापडत नाही. शाळकरी विद्यार्थ्याच्या हाती ती थेट देऊ नये, विशेषतः स्त्रियांविषयीच्या नोंदींसाठी बाजूला समजावणारे कोणी असावे. न्यायालयीन आणि शासकीय मजकुरासाठी भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश शेजारी उघडा ठेवल्याशिवाय केवळ या संग्रहावर विसंबणे धोक्याचे आहे. आणि एखाद्या गावाकडच्या फिर्यादीत ‘जाचहाट’सारखा शब्द आला, तर आधी दाते-कर्व्यांत पाहावे, मग मोल्सवर्थकडे जावे, आणि तेवढ्यानेही समाधान झाले नाही तर त्या तालुक्यातल्या एखाद्या जुन्या कारकुनाला फोन करावा.